दोनशे गुणांचा वाचनदोष

मराठीत 'गुण' या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. माणसाच्या अंगी असतो तो गुण, औषधाचा येतो तो गुण, आणि उत्तरपत्रिकेवर मिळतो तोही गुणच. पहिले दोन सहवासाने आणि अनुभवाने कळतात, तिसरा मोजून हाती दिला जातो. तिघांना एकच शब्द असल्यामुळे मोजलेला गुण म्हणजेच अंगचा गुण, अशी समजूत आपल्याकडे कधी रुजली हे कोणालाच कळले नाही. 'गुणवत्ता यादी' हा शब्दप्रयोग त्या समजुतीवर सरकारी शिक्का मारतो. यादीत वर तो गुणी, खाली तो कमी गुणी, आणि यादीबाहेरचा निर्गुण.

हा घोटाळा नुसता शब्दाचा असता तर साहित्याच्या मंडळींनी एखादे टिपण लिहून विषय संपवला असता. पण या शब्दावर माणसे नेमली जातात आणि नेमलेल्या माणसांच्या हाती सहा वर्षांची मुले सोपवली जातात. महाराष्ट्रात २०१७ पासून शिक्षक निवडण्यासाठी 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' घेतली जाते. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. प्रश्न २००, गुण २००, वेळ दोन तास. त्यांपैकी १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. या गुणांची बेरीज, आरक्षण आणि उमेदवाराने दिलेला पसंतिक्रम यांची जुळणी 'पवित्र' नावाच्या संगणकीय प्रणालीत होते आणि कोणी कोणत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू व्हायचे ते ठरते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या चाचणीचे गुण खोटे नाहीत. त्यांचे वाचन खोटे आहे. कोणताही गुण चाचणीने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर असतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधणे हा वाचनदोष आहे, आणि हा दोष राज्यात सर्वांत महाग कोठे पडत असेल तर तो नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत.

प्रथम 'अभियोग्यता' हा शब्द घेऊ. 'अभि' हा उपसर्ग दिशा दाखवतो. अभिमुख म्हणजे एखाद्या गोष्टीकडे तोंड असलेला. त्या न्यायाने अभियोग्यता म्हणजे कशासाठी तरी, कशाच्या तरी दिशेने असलेली योग्यता. नुसती, निराधार, अधांतरी अभियोग्यता संभवत नाही. म्हणून अभियोग्यतेच्या चाचणीला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की कशाकडे? उत्तर मिळते, शिक्षकाच्या कामाकडे. मग आम्ही विचारतो, कोणत्या शिक्षकाच्या? साताऱ्यातल्या की धडगावातल्या? येथे चाचणी गप्प बसते, कारण तिच्यापुढे 'शिक्षक' नावाचे एकच सर्वसाधारण पात्र आहे. त्याला गाव नाही, वर्ग नाही, समोर बसलेले मूल नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने असे पात्र आपल्या कथेत आणले असते तर आपण ते सपाट आहे म्हणून परत केले असते.

चाचणीत काय विचारतात ते पाहू. अभियोग्यतेच्या भागात गणितीय क्षमता, वेग आणि अचूकता, इंग्रजी व मराठी भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता, कल, व्यक्तिमत्त्व असे घटक येतात. बुद्धिमत्तेच्या भागात आकलन, वर्गीकरण, समसंबंध, क्रमश्रेणी, तर्क व अनुमान, कूटप्रश्न, सांकेतिक भाषा, लयबद्ध मांडणी. मर्ढेकरांचे लयतत्त्व शिकवून दमलेल्या मराठीच्या प्राध्यापकांना शेवटचा घटक वाचून हसू येईल. आम्हांला थांबवतो तो त्याच्या आधीचा घटक. सांकेतिक भाषा! एका शब्दातील अक्षरे दोन घरे पुढे सरकवली तर दुसरा शब्द कसा लिहाल, हे ज्या उमेदवाराला छत्तीस सेकंदांत सांगता येते त्याला गुण मिळतो. (२०० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद होतात.) जगात कोणीही बोलत नाही अशी भाषा उलगडण्याची ही परीक्षा झाली. समोरच्या मुलाच्या घरात रोज बोलली जाणारी भाषा मात्र त्या २०० प्रश्नांत एकदाही येत नाही.

आणि नंदुरबारमध्ये कामाचा गाभा तोच आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे चार तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात, शहादा व नंदुरबार अंशतः. घराघरांत भिली, पावरी, मावची, नोयरी, देहवाली. या मराठीच्या बोली नव्हेत. ग्रिअर्सनने १९०७ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात भिल्ल भाषांसाठी खानदेशीसोबत एक स्वतंत्र खंडच राखला होता आणि त्यांचे नाते गुजरातीशी अधिक जवळचे असल्याचे नोंदवले होते. तेव्हा 'आदिवासी मुले अशुद्ध मराठी बोलतात' ही शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येणारी तक्रार भाषाशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे. ती मुले शुद्ध पावरी बोलत असतात. अशुद्ध असते ती ऐकणाऱ्याची समज.

सातपुड्यात गाव म्हणजे एका ठिकाणी वसलेली घरे नसतात. टेकड्याटेकड्यांवर पसरलेले पाडे मिळून एक गाव होते. नर्मदेच्या काठच्या, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या काही पाड्यांना जायला होडी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे दोन माणसांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघतात. त्यांच्याबरोबर मूल जाणार की आजीजवळ राहणार, हे शिक्षकाने घरी जाऊन, चुलीपुढे बसून, त्या घराच्या भाषेत बोलून ठरवून घ्यावे लागते. या कामाला लागणारे गुण मोजायचे झाले तर पहिला क्रमांक ऐकण्याचा. दुसरा, एकाच वेळी तीन इयत्तांना कामाला लावण्याच्या हिकमतीचा. तिसरा, तेथे टिकून राहण्याच्या इच्छेचा. वेग आणि अचूकता हा घटक या यादीत कोठे तरी असेलही. तो पहिल्या तिघांत नाही.

आता त्या शाळेतला पहिल्या इयत्तेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. दोनशेपैकी घसघशीत गुण मिळवून आलेला, प्रामाणिक, हुशार शिक्षक मराठीत प्रश्न विचारतो. मूल गप्प राहते. शिक्षक पुन्हा विचारतो, मूल खाली पाहते. महिनाभराने शिक्षकाच्या मनात त्या मुलाविषयी एक शेरा तयार होतो: 'मंद आहे.' मुलाला प्रश्न कळला नाही, हे शिक्षकाला कळले नाही. येथे वाचनदोष एक पायरी खाली उतरतो. शासनाने शिक्षकाचे गुण चुकीचे वाचले म्हणून तो या वर्गात आला, आणि या वर्गात येऊन त्याने मुलाचे मौन चुकीचे वाचले. पुढे मुलांच्या संपादणूक चाचण्या होतात, त्यांत जिल्हा खाली दिसतो, आणि तो आकडा वाचून आपण सगळे हळहळतो की आदिवासी मुले मागे आहेत. तीन गुणपत्रके आणि तीन वाचनदोष, सारे एकाच्या पोटात एक.

गुण वाचावे कसे, हा प्रश्न नवा नाही. आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली तेव्हा वर्गात मागे पडणाऱ्या, ज्यांना वेगळ्या मदतीची गरज आहे अशा मुलांना ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. मदतीसाठी काढलेले ते माप बारा वर्षांत अमेरिकेच्या सैन्यभरतीत माणसांची प्रतवारी लावू लागले. मराठीपुरते बोलायचे तर व. वा. कामत यांनी धारवाडला बिनेची श्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० चा. कामतांच्या कामातून शिकण्यासारखी गोष्ट ही, की प्रश्नांचे नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. येथल्या मुलांवर ते प्रश्न तपासून पाहिल्याशिवाय त्या गुणांना काही अर्थ येणार नाही, हे त्यांनी ओळखले. माप ज्याला लावायचे त्याच्याशी आधी जुळवून घ्यायचे असते. आज २०२५ मधील चाचणीही मराठी, इंग्रजी, उर्दू अशी माध्यमे देऊन जुळवणीचे काम संपले असे मानते. उमेदवाराच्या भाषेचा तिने विचार केला, हे चांगलेच झाले. उमेदवार ज्या मुलापुढे उभा राहणार त्याच्या भाषेचा विचार अजून व्हायचा आहे.

नोकरीच्या संदर्भात या प्रश्नाचा कायदेशीर निवाडा १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केला. ड्यूक पॉवर या वीज कंपनीने वरच्या कामांसाठी शालान्त पदविका आणि दोन सर्वसाधारण लेखी चाचण्यांची अट घातली होती. चाचण्या सर्वांना सारख्याच होत्या, प्रश्नपत्रिका एकच होती, आणि तरीही कृष्णवर्णीय कामगार त्यांत मोठ्या प्रमाणावर अडकत होते. त्याच वेळी, अट येण्यापूर्वी लागलेले, पदविका नसलेले कामगार तीच कामे समाधानकारक करत होते. न्यायालयाने एकमताने सांगितले ते असे, की चाचणीने त्या कामासाठी माणूस मोजला पाहिजे, अधांतरी माणूस नव्हे. आणि चाचणीचा कामाशी संबंध आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आमच्या मते पन्नासहून अधिक वर्षांनंतरही भरतीच्या गुणांविषयी याहून नेमके विधान सापडणे कठीण आहे. 'सर्वांना एकच प्रश्नपत्रिका' म्हणजे न्याय, हा आपला लाडका सिद्धान्त त्या एका निकालाने मोडीत काढला. त्याच कसोटीने महाराष्ट्रातही ही जबाबदारी चाचणी घेणाऱ्याकडे जाते. चाचणीत वर आलेले शिक्षक पाच वर्षांनी वर्गातही वर असतात, हे आकड्यांनिशी दाखवावे. दाखवेपर्यंत त्या क्रमाला गुणवत्ताक्रम म्हणू नये, प्राप्तगुणक्रम म्हणावे.

गुणांच्या वाचनातील दुसरा दोष अधिक तांत्रिक आहे, पण साहित्याच्या विद्यार्थ्याला तो समजायला अवघड नाही. एकाच कवितेचे एकाच वाचकाने दोन दिवशी केलेले वाचन सारखे नसते. चाचणीचेही तसेच असते. त्याच उमेदवाराने तशीच दुसरी चाचणी पुढच्या आठवड्यात दिली तर गुण थोडे वर किंवा खाली येणारच. उदाहरणादाखल समजू, की चाचणीची विश्वसनीयता ०.९० आहे, म्हणजे उत्तम म्हणावी अशी, आणि गुणांचे प्रमाण विचलन २५ आहे. तर मापनाची प्रमाणित त्रुटी सुमारे ८ गुणांची निघते. दोन उमेदवारांमधील फरकाला ती लावली तर ११ गुणांपर्यंत जाते. मग १२१ वाला आणि ११८ वाला यांच्यात चाचणीने काही फरक दाखवला, असे म्हणायला आधार राहत नाही. पण यादीत त्या तीन गुणांच्या मध्ये शेकडो माणसे बसू शकतात आणि त्यांतल्या एकाला नोकरी मिळते, दुसरा पुढच्या चाचणीची वाट पाहतो. ही वाट किती लांब असते ते वरच्या तारखांवरून दिसतेच: २०१७ नंतर एकदम २०२३. गुणपत्रकावर प्राप्त गुणांशेजारी ही त्रुटी छापावी, एवढी साधी मागणी आम्ही करतो. वजनकाट्याची तपासणी होते, तिचा शिक्का ग्राहकाला पाहता येतो. शिक्षक तोलणाऱ्या काट्याला एवढी अट जड होऊ नये.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. तो दुबळा नाही.

त्याचे पहिले म्हणणे असे: तुम्हांला चाचणीपूर्वीचे दिवस आठवत नाहीत काय? संस्थाचालकांच्या बंगल्यावर होणाऱ्या मुलाखती, 'देणगी'चे ठरलेले आकडे, नातेवाईक, जातवाले. त्या चिखलातून एखाद्या शेतमजुराच्या मुलीला शिक्षिका व्हायचे तर तिच्याकडे काय होते? चाचणीने निदान तिला एक आकडा दिला, आणि तो आकडा कोणाच्या बापाला बदलता येत नाही.

हा युक्तिवाद आम्ही मनापासून मान्य करतो. आमच्या वर्गांतून बी.एड.ला गेलेल्या कित्येक मुलामुलींना या आकड्यानेच न्याय दिला आहे. यंत्राने दिलेल्या गुणांची खरी ताकद त्यांच्या अचूकतेत नाही, त्यांच्या निर्विकारपणात आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, निर्विकारपणाही हमखास नसतो. २०२१ च्या अखेरीस राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार बाहेर आला, परीक्षा परिषदेच्या उच्चपदस्थांनाच अटक झाली, आणि २०२२ मध्ये हजारो उमेदवार अपात्र ठरवावे लागले. आकडाही विकता येतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची. चोर येऊ नये म्हणून दाराला कुलूप लावणे शहाणपणाचे आहे. पण कुलूप चांगले आहे म्हणून घर चांगले, असे कोणी म्हणत नाही. वशिला अडवणे हे चाचणीचे एक काम झाले. योग्य माणूस शोधणे हे दुसरे काम. पहिले केल्याचे श्रेय घेऊन दुसऱ्याचा मोबदला मागता येणार नाही.

मुलाखत म्हटली की वशिला, हे समीकरणही तपासावे लागेल. नोकरभरतीच्या संशोधनात १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा मांडला आणि सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेच्या चाचणीला मानाचे स्थान दिले. बहुपर्यायी चाचण्यांचे समर्थक आजवर त्याच आधारावर उभे आहेत. पण २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गणितातील दुरुस्त्या फुगवलेल्या असल्याचे दाखवून सारे आकडे पुन्हा मांडले. बौद्धिक क्षमतेचा कामाशी असलेला सहसंबंध ०.५१ वरून ०.३१ वर आला, आणि सर्वांत वर आली ती रचनाबद्ध मुलाखत: सर्वांना तेच प्रश्न, कामातूनच उचललेले, आणि उत्तरे तोलण्याचे निकष आधी लिहून ठेवलेले. त्यांच्या यादीत कामाविषयीच्या ज्ञानाची चाचणीही वरच आहे. बंगल्यावरची मुलाखत आणि ही मुलाखत यांत नावापलीकडे साम्य नाही.

प्रतिपक्षाचे दुसरे म्हणणे: अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारच नेमा म्हणजे प्रश्न सुटला, त्यासाठी राज्यपालांची ९ जून २०१४ ची अधिसूचना होती. त्या अधिसूचनेमागचा विचार आम्हांला मोलाचा वाटतो आणि प्रतिनिधित्वाचा हक्क भाषेच्या प्रश्नाहून स्वतंत्रपणे उभा आहे, हेही आम्ही मानतो. पण नोकरीसाठी कोण योग्य, या प्रश्नाचे ते पूर्ण उत्तर नव्हे. 'स्थानिक' ठरतो तो रहिवासाने आणि जमातीने. नवापुरात मावची बोलत वाढलेली तरुणी धडगावच्या पाड्यावर पावरी मुलांपुढे उभी राहिली तर तिलाही शिकावेच लागेल. शहरातल्या वसाहतीत वाढलेल्या, आईबापांनी मुद्दाम मराठीच बोलायला लावलेल्या तरुणाला आजीची भाषा येतेच असे नाही. जमातीच्या दाखल्याला भाषेचे गुणपत्रक समजणे हाही वाचनदोषच. शिवाय २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतल्या शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. त्याचे सावट महाराष्ट्रातील पेसा भरतीवर पडले. २०२४ मध्ये निवड झालेल्या उमेदवारांना रस्त्यावर उतरावे लागले आणि मानधनावरच्या नेमणुकांची तडजोड निघाली. भाषेच्या कसोटीची गोष्ट वेगळी आहे. ती जन्म विचारत नाही. कामाला लागणारे कौशल्य विचारते. ती पावरी तरुणाला साहजिकच पुढे नेईल, आणि कोल्हापूरहून येऊन दोन वर्षे जिद्दीने पावरी शिकलेल्या तरुणीलाही दार उघडे ठेवील. अशा कसोटीला कोणत्या तत्त्वाने हरकत घ्यावी, हे आम्हांला सुचत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या बोलींच्या परीक्षा कोण घेणार? या प्रश्नाने आम्हांला चीड येते. अमराठी सरकारी कर्मचाऱ्याला मराठी भाषा परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हा नियम महाराष्ट्रात जुना आहे. लोकांशी व्यवहार करायचा तर लोकांची भाषा हवी, हे तत्त्व शासनाला मान्य आहेच. ते मराठीच्या सीमेपाशी येऊन थांबते एवढेच. संविधानाचे ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथे मातृभाषेतून शिकवायला सांगते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तेच म्हणते. कलमे, धोरणे, परिपत्रके यांत मातृभाषा ओसंडून वाहते आणि २०० गुणांत तिला एक गुणही नाही. आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, ती जागेसाठी. तेथली भाषा शिकल्याबद्दल तिच्यात भर घालावी, हे सुचणे अवघड नव्हते.

आणि हे करता येते याचा दाखला जिल्ह्यातच आहे. नर्मदा खोऱ्यात चिमलखेडी, निमगव्हाण येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा सुरू झाल्या. धरणाच्या प्रश्नावर कोणाचे काहीही मत असो. त्या शाळांनी शिक्षक निवडताना मुलाची भाषा बोलणारा गावचा तरुण आधी शोधला आणि बाकीचे त्याला शिकवले. क्रम उलटा केला. येणारे शिकवता येते आणि न येणारे शिकवायला फार वेळ लागतो, हे कोणत्या गोष्टीला लागू आहे ते त्यांनी ओळखले. भागाकार शिकवण्याची पद्धत सहा महिन्यांत येते. मूल कशाला हसते, हे कळायला बालपण तेथे जावे लागते, किंवा फार चिकाटी लागते.

तेव्हा आमचे मागणे असे. आधी काम लिहा, मग चाचणी आखा. अक्राणीतील पहिली-दुसरीच्या शिक्षकाचे काम नेमके काय, हे तेथे काम केलेल्या शिक्षकांना आणि पालकांना विचारून कागदावर उतरवा. आजची २०० गुणांची चाचणी उंबरठा म्हणून ठेवा: ठराविक गुणांच्या वर असलेले सर्व उमेदवार सारखेच पात्र. त्यानंतर दोन प्रात्यक्षिके घ्या. एकात, त्या भागातील भाषा बोलणाऱ्या मोठ्या माणसांशी आणि मुलांशी पंधरा मिनिटांचे संभाषण. दुसऱ्यात, दोन इयत्तांच्या एकत्र वर्गाला एक पाठ. तोलणारे तिघे असावेत, त्यांत एक त्या भाषेचा जाणकार असावा, निकष आधी जाहीर व्हावेत, ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावे आणि उमेदवाराला मागता यावे. ज्याला भाषा येत नाही पण शिकायची आहे त्याला नेमणुकीनंतर मुदत द्यावी आणि शिकल्यावर वेतनात मोबदला द्यावा. पाच वर्षांनी या शिक्षकांचे काम आणि त्यांचे चाचणीतील गुण शेजारी ठेवून पाहावे, आणि जे दिसेल ते प्रसिद्ध करावे. एवढे केल्यावर गुणांचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार शासनाला मिळेल.

शेवटी आपल्या लोकांविषयी. साहित्याच्या अध्यापकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण नोकरीच्या बाबतीत आपणही त्याच यंत्रातून गेलो आहोत. नेट-सेटचे बहुपर्यायी प्रश्न सोडवून आपण पात्र ठरलो. २०१० च्या नियमांनी आपल्या कामाचेही गुणांक मांडले तेव्हा चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांनी आपली कपाटे भरली, आणि त्या बेरजेत वर्गातले शिकवणे कोठे हरवले हे आपण जवळून पाहिले. त्या वेळी आपण तक्रार केली, रास्तच केली. मग आपलाच विद्यार्थी १४० गुणांचे कात्रण घेऊन येतो तेव्हा आपण पेढा खातो आणि 'कोठे जाणार, तिथली भाषा येते का' एवढे विचारत नाही, हे कसे?

वाचन हा आपला व्यवसाय आहे. संहितेत जे आहे ते कोणते, आपण त्यात घातले ते कोणते, आणि संहिता कशाविषयी मौन बाळगते, हे तीन प्रश्न आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. गुणपत्रक ही सुद्धा एक संहिताच. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांची कविता आपण अभ्यासक्रमात लावतो, 'आदिवासी जाणीव' या विषयावर प्रश्न काढतो, पण त्या जाणिवेच्या भाषेत दोन वाक्ये बोलता येणे ही शिक्षकपदाची पात्रता असावी, असे आपल्या एकाही अभ्यासमंडळाने ठणकावून सांगायला हवे होते. नंदुरबारची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईचे शब्द घरातल्यांनी ऐकले, ओळखले आणि लिहून घेतले म्हणून १९५२ मध्ये ते छापून आपल्यापर्यंत आले. ऐकणाराच नसता तर तेथेही एक मौन उरले असते आणि कोणी तरी त्यावर 'निरक्षर' असा शेरा मारून पुढे गेला असता.

सातपुड्यातल्या पाड्यांवर अशी मौने रोज सकाळी हजेरीला उभी असतात. ती ऐकू येणारा माणूस निवडायचा आहे. त्या निवडीसाठी २०० गुणांची बेरीज अपुरी आहे, आणि हे म्हणायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही; नीट वाचता येणे पुरते.